यादीतून गळलेलं नाव

"नाही! तुझं नाव नाही!" नॉर्म हॅलोरननं टेबलावर अशी थाप मारली की मगातला चहा हिंदकळून टेबलभर झाला. समोर बसलेल्या ड्रूनं दोन्ही कान झाकून घेतले, तेव्हा कुठं म्हाताऱ्याला पोराचं डोकं आठवलं. "चुकलो, चुकलो," तो हळू आवाजात म्हणाला, पण हसू काही आवरेना.

दर मंगळवारी दुपारी फुटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलच्या, अठराही क्लबांच्या जखमी खेळाडूंची यादी लागते. नाव, दुखापत, परतायला किती आठवडे. नॉर्म ती बॅलरॅट गावच्या वाचनालयातून छापून आणायचा आणि पेन्सिल घेऊन सगळे क्लब ताडून बघायचा. पर्थच्या एकाला डोक्याला मार लागला, तो बाराव्या दिवशी मैदानात. ब्रिस्बेनचा तीन आठवड्यांत. ड्रूच्या कानशिलावर मार्चमध्ये कुणाचा तरी खांदा बसला, तोही काही पहिला नव्हे, आणि आता ऑगस्ट आला तरी त्याच्या नावापुढे मुदत म्हणून पडत नव्हती.

"त्या पर्थवाल्याचं डोकं लोखंडाचं आणि माझ्या पोराचं काय पावाचं?" असं तो दर मंगळवारी विचारायचा. आज विचारलं नाही. आज त्यानं खिडकी उघडली.

"डॉट! ए डॉट! नाव निघालं यादीतून! शनिवारी खेळतोय माझा पोरगा!"

कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी शेजारीण डॉट शनिवारच्या विरोधी संघाची पाठीराखी. "मग आमच्या पोरांना सांगते हो," ती ओरडली, "राजपुत्राला जरा जपून पाडा म्हणून!"

ड्रू हसला नाही. काल डॉक्टरांनी निकाल दिला होता आणि त्यानं खेळ सोडल्याच्या कागदावर सही केली होती. गुरुवारपर्यंत बाहेर बोलू नका, आधी बाबांना मी सांगतो, अशी त्यानं क्लबला गळ घातली होती. यादी करणाऱ्याला गप्प राहायचं कुणी सांगितलंच नसावं; खेळ सोडला म्हणून त्यानं नाव काढून टाकलं होतं.

"बाबा, खिडकी लावा."

"लावतो रे. आधी तुझ्या काकाला—"

"बाबा, मी सोडलं. काल सही केली."

नॉर्म खिडकीपाशीच उभा राहिला. "सोडलं म्हणजे? बरा झालास ना तू? बरा झाल्याशिवाय नाव निघत नाही. चाळीस वर्षं वाचतोय मी."

"परवा दूध घेऊन दुकानातून निघालो," ड्रू म्हणाला, "आणि आपली गल्ली कुठली ते आठवेना. पंचवीस वर्षांचा आहे मी, बाबा."

नॉर्मनं खिडकी लावली. चष्मा चढवला आणि भिजलेल्या कागदावरून बोट फिरवत आपल्या क्लबची सगळी नावं पुन्हा वाचली. मग फोन उचलून त्यानं क्लबचा नंबर लावला. ड्रूनं हात धरायला बघितलं, तो त्यानं बाजूला सारला.

"तुमच्या यादीत चूक झालीय. हॅलोरन. ड्रू हॅलोरन. नाव गळलंय त्याचं."

पलीकडची मुलगी बराच वेळ काहीतरी समजावत होती.

"नाही हो बाई, बरा नाही झाला तो," नॉर्म म्हणाला. "हा काय, समोरच बसलाय माझ्या. जखमीच आहे अजून. तेवढं लिहा ना."