गाणं थांबलं की

माझ्या नवऱ्याने, आदेशने, घरीच जोडलेला काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मधेच बंद पडायचा आणि थोड्या वेळाने आपोआप वाजू लागायचा.

पहिल्यांदा गाणं थांबलं तेव्हा मी दचकून शरयूकडे, माझ्या रांगणाऱ्या पोरीकडे, पाहिलं. तिने तोंडात तुरीचे दाणे कोंबले होते. ते मी बोटाने काढले आणि गाणं सुरू झालं. दुसऱ्यांदा ती न्हाणीतल्या भरल्या बादलीवर वाकली होती. तिला उचललं आणि गाणं सुरू झालं.

"कुठंतरी वायर ढिली असन, जया. तू काऊन घाबरून राह्यली?" आदेश म्हणाला.

रविवारी सकाळी त्याने अ‍ॅम्प्लिफायर ओसरीत आणून उघडला. आत जीवघेणा करंट, दोन्ही हात लागले तर थेट छातीतून जाणारा, म्हणून चालू असताना एक हात खिशात ठेवायचा, हा त्याचाच नियम. दुसऱ्या हातातल्या लाकडी काडीने तो एकेक जोड हलवून पाहत होता.

"बिघाड सापडला की तुले चहा माझ्या हातचा."

"म्हणजे आज चहा नाई," मी म्हटलं.

गाणं थांबलं.

शरयू माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. तोंड रिकामं, श्वास शांत. हायसं वाटून मी वर पाहिलं. आदेशचा खिशातला हात बाहेर निघून वायरींकडे चालला होता.

"आदेश, हात काढ!"

त्याने झटक्यात हात मागे घेतला. इतकं सुटल्यासारखं वाटलं की मला रडूच आलं.

"अवं, मी तर कशालेच हात नाई लावला," तो म्हणाला.

गाणं सुरू झालं.