उलटा फोन

नम्रताने बटण दाबलं आणि नदीकाठचे सगळे फोन एकदम वाजले. वारज्यातल्या तिच्या ऑफिसात मात्र शांतताच होती. स्क्रीनवर नावं हिरवी झाली आणि लगेच एकामागून एक लाल होत गेली.

"कट," कामातला तिचा भागीदार तेजस म्हणाला. "हाही कट. अगं, सगळेच कट करतायत."

खडकवासला धरणातून दुपारीच पाणी सोडणार होते. काठाला गोठे होते, पंप होते, भाजीचे वाफे होते. सकाळी सगळ्यांना मेसेज गेले होते, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. मेसेज उघडून वाचतो कोण? म्हणून तर गोठेवाल्यांच्या मंडळाने या दोघांकडून फोनची सोय करून घेतली होती. आज त्या सोयीची पहिलीच खरी वेळ.

हिंमतराव आत आले. बिल्डिंग त्यांचीच, त्यामुळे दार वाजवण्याची पद्धत नव्हती.

"आमच्या गेनबाला लागला का?"

गेनबा त्यांचा धाकटा भाऊ. दुपारच्याला तो म्हशी घेऊन थेट पात्रातल्या गवतात उतरायचा.

"लागला. त्यांनीही कापला," नम्रता म्हणाली. "काका, तुम्हीच लावून बघा ना."

"माझा नंबर दिसला की कापतो त्यो. बांधाच्या भांडणावरनं बोलणं न्हाई आमचं." हिंमतराव खिडकीबाहेर बघत राहिले. "जावयाला धाडलंय गाडीवर, पण पुलाखाली ट्रॅफिक हालंना. म्हटलं, तुमचं यंत्र हाय की. बसा आता लाल दिवे बघत."

टोमणा नेहमीसारखाच कोरडा होता. फक्त खिडकीचा गज त्यांनी घट्ट धरला होता.

"सर्व्हिसचाच प्रॉब्लेम असणार," तेजस पुटपुटला.

नाचता येईना अंगण वाकडं, असं नम्रताच्या अगदी ओठांवर आलं होतं. अंगण चांगलं सरळ होतं. पूर्वी अशा कामाला खोलीभर यंत्रं, वायरींचं जंजाळ आणि वर दहा परवानग्या लागायच्या. इथे तिने एक नंबर घेतला, कोडच्या चार ओळी लिहिल्या आणि दूर कुठल्याशा कंपनीची ती सेवा शेकडो माणसांना एका दमात हाका मारायला लागली. वर प्रत्येक फोनची कुंडलीही मांडून ठेवायची: लागला कधी, वाजला किती, कापला कुणी. नम्रताला तिचं खरोखर कौतुक होतं. सेवा आपलं काम चोख करत होती. माणसं दोन रिंगांत फोन कापत होती.

दोन रिंगा. मग कट.

तिला आई आठवली. आर्वीची तिची आई अजूनही लेकीचा फोन कापते आणि स्वतः उलटा लावते. दुसऱ्याच्या खर्चाने बोलू नये, ही मोबाइल नवे होते तेव्हाची सवय. फोन फुकट झाले तरी ती काही सुटली नाही.

"तेजस, येणारे फोन उघड. आपल्या नंबरवर येणारे!"

त्याने उघडले आणि डोक्याला हात लावला. नदीकाठचं निम्मं गाव उलटा फोन लावत होतं. पण उलटा फोन आला तर काय करायचं, हे या दोघांनी सेवेला सांगितलंच नव्हतं. त्यामुळे प्रत्येकाला नुसता टूं टूं ऐकू येत होता.

नम्रताची बोटं कीबोर्डवर धावली. जो फोन करेल त्याला तोच निरोप ऐकवायचा. 'नदीला पाणी सोडतायत, वर या. निघालात की एक दाबा.' आणि तीनदा सांगूनही कुणी एक दाबला नाही, तर तो फोन सरळ तिच्या मोबाइलवर वळवायचा. ओळी मोजक्याच होत्या. तिने त्या चढवल्या आणि पुन्हा सगळ्यांना रिंग दिली.

पुन्हा सगळं लाल झालं. मग उलटे फोन सुरू झाले आणि एकेक नाव हिरवं होऊ लागलं. अख्खा काठ एकाच नंबरवर तुटून पडला होता, तरी लाइन बिझी म्हणून कुणाला परत जावं लागलं नाही. तेजस खुर्चीतून उठून उभाच राहिला.

"वा रे पठ्ठ्या!" तो म्हणाला. हे सेवेला होतं की नम्रताला, ते त्यालाच ठाऊक.

"गेनबा?" हिंमतरावांनी विचारलं.

गेनबाचं नाव तेवढं हिरवं होत नव्हतं. फोन आला होता, चालू होता, पण एक काही दाबला जात नव्हता. निरोप एकदा वाजला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला.

नम्रताचा मोबाइल थरथरला. तिने घाईघाईने स्पीकर लावला.

"आगं बाय, त्येच त्येच किती येळा सांगशील?" पलीकडून खडा आवाज आला. मागे म्हशी हंबरत होत्या. "पयल्याच बोलण्याला निघालो की मी! समदी जनावरं वर घेतली. हातात कासरं हायती, बटण कशानं दाबू?"

निरोपात आवाज नम्रताचाच होता. यंत्राचा आवाज ऐकला की लोक कर्जाची जाहिरात समजतात, म्हणून तिने स्वतःच बोलून तो भरला होता. आता तिच्या जिवात जीव आला.

"पर तू कुठनं बोलतीस?" गेनबाने विचारलं. "मघाधरनं ऐकतोय, लई घाबरल्यागत वाटतीस. नदीला हायस का काय? पाणी येतंय पोरी, तू बी वर ये!"

नम्रताने हिंमतरावांकडे पाहिलं. त्यांनी गज सोडला होता. ते फोनजवळ आले, पण आपला आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलले.

"'मी आले वर' म्हणून सांगा त्याला. न्हाईतर शोधाया खाली उतरंल त्यो."