अकरा वर्षांचा अनुभव

"अकरा वर्षं," मुनव्वरने जराही न चाचरता ठोकून दिलं.

शेजारी उभ्या असलेल्या हुसेनने ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. अकरा वर्षं सांगायला त्याला बराच वेळ लागला. साहेबाने पेन्सिल खाली ठेवून मुनव्वरला नीट न्याहाळलं. मुनव्वरने छाती आणखी पुढे काढली.

कुवेतच्या बंदरात, शर्कच्या धक्क्यापासून गोदामापर्यंत रुळांवरच्या ट्रॉलीची लाइन टाकायची होती आणि साहेब मुकादम शोधत होता. मुनव्वर त्याच धक्क्यावरच्या मजुरांच्या छावणीत बबर्ची. त्याचं कंत्राट शनिवारी संपत होतं. मुकादमकी मिळाली तर राहायचं, नाहीतर सोमवारची बोट धरून मुकाट्याने हर्णै गाठायचं. "दोन वर्षांत घराला कौलं घालतो," असं तो असमाला छातीठोकपणे सांगून आला होता. अजून भिंतीच पुऱ्या झाल्या नव्हत्या. रिकाम्या हातांनी बायकोसमोर उभं राहायचं या विचारानेच त्याला कसंतरी होई.

आता रेल्वेचं म्हणाल, तर हर्णैला आगगाडी नव्हती आणि कुवेतलाही नव्हती. मुंबईत तो एका बोटीतून उतरला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बोटीत चढला. आगगाडीची शिट्टी तेवढी लांबून कानावर आली होती. पण हुसेनकडे एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती, अमेरिकेच्या ओसाड माळावर लाइन टाकणाऱ्यांची. ऑफिसात कारकून असलेला हुसेन दर जुम्म्याला त्यातलं एक प्रकरण मुनव्वरला सांगे. मुनव्वर ते आठवडाभर, जेवणं झाली की, छावणीला पुरवून पुरवून ऐकवी. पदरचा मीठमसाला घालून. त्यातला तांबड्या दाढीचा मुकादम तर त्याच्या अंगात पुरता भिनला होता.

"साहेब काय खुळा नाय, मुनव्वरभाई," हुसेन सकाळी म्हणाला होता.

"तू माझं बोलणं पोचव. बाकी मी बघतो."

आता हुसेनने साहेबाचा पुढचा प्रश्न सांगितला. "इथल्या उन्हात रूळ कसे जोडणार?"

"मधी फट ठेवून. लोखंड तापलं की लांबतं. चिकटवून बसवलं तर वेडंवाकडं होऊन उठतं."

हुसेनने त्याचं इंग्रजी दोन शब्दांत उरकलं. मुनव्वरला त्याचा रागच आला. एवढं झकास उत्तर, आणि या कंजुषाने त्याची माती केली!

"साहेब म्हणतो, गेल्या महिन्यात त्याचे निम्मे गडी काम टाकून पळाले. तू काय करशील?"

"पळतील कशाला? गुडघाभर बर्फ पडलं होतं, रानरेड्यांचा कळप लाइनीवर आडवा आला होता, पण माझा एक गडी हलला नाय!"

शब्द तोंडातून गेल्यावर मुनव्वरच्या ध्यानात आलं. गुडघाभर बर्फ! कुठल्या लाइनीवर, असं साहेबाने विचारलं म्हणजे संपलंच. हुसेन मात्र हातवारे करत बोलतच राहिला. साहेब खो खो हसला. मग त्याने काहीतरी विचारलं. हुसेनने तो प्रश्न मराठीत न सांगता परस्परच उत्तर दिलं. साहेब उठला, त्याने मुनव्वरचा हात हातात घेतला आणि कागदावर सही केली.

बाहेर आल्यावर मुनव्वरचे पाय जमिनीवर ठरेनात.

"बघितलंस? अकरा वर्षं म्हटलं आणि गडी गार!"

"अकरा वर्षं मी बोललोच नाय."

मुनव्वर जागच्या जागी थांबला.

"मी आधीच सांगितलं, या माणसाने आगगाडी डोळ्यांनी बघितलेली नाय," हुसेन म्हणाला. "रूळ टाकणारे साहेबाकडे चार आहेत. मी म्हटलं, हा रोज पुस्तकातली गोष्ट सांगतो आणि नेमकी अशा जागी तोडतो, की पुढचं ऐकायला थांबावंच लागतं. सहा महिन्यांत याच्या छावणीतला एक माणूस पळालेला नाय."

"मग शेवटी तो काय विचारत होता?"

"पुस्तकाची पानं किती उरलीत."