आत एकच जण

"गरम पाण्याची पिशवी राहिलीच," म्हणत सासूबाईंनी बॅगेची चेन पुन्हा उघडली.

"आई, आपण दवाखान्यात चाललोय. बिऱ्हाड हलवत नाही आहोत," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्या वेळी तुझ्या बाबांनी मला अनवाणी नेलं होतं. स्वतः मात्र बूट घालून, भांग पाडून."

पलंगाच्या कडेला बसलेली ती हसली. इथे हसायला हवं, म्हणून.

कळा अजून सुरू झाल्या नव्हत्या. डॉक्टरांनी आजच दाखल व्हायला सांगितलं होतं. औषध देऊन कळा आणणार होते. दिवस भरत आले की असं करतात, एवढंच सासूबाईंच्या कानावर घातलं होतं.

प्रश्न एकच होता. प्रसूतीच्या खोलीत घरचं एकच माणूस थांबू देत. ते माणूस नवराच असावा, असं दोघांनी स्वयंपाकघरात कुजबुजत ठरवून टाकलं होतं.

"आई आत नको," तो म्हणाला होता. "तिला झेपायचं नाही."

तिलाही तेच वाटत होतं. सासूबाईंनी पहिल्या महिन्यापासून तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. रोज संध्याकाळी तिच्या पोटावर हात ठेवून त्या आतल्या नातवंडाला घरादाराच्या चहाड्या सांगायच्या. काल मात्र त्या तिच्या खोलीकडे फिरकल्याच नाहीत. तयारीच्या गडबडीत राहून गेलं असेल. बरंच झालं, असं तिच्या मनात आलं.

सासूबाई आता जुन्या सुती साडीच्या रुंद पट्ट्या घडी करून ठेवत होत्या.

"हे कशाला, आई?"

"घट्ट बांधायला. लागतात नंतर."

बाळाची टोपडी, लंगोट वर कुठे दिसेनात. तिने चाचपायला बॅगेत हात घातला, तर सासूबाईंनी तो अलगद बाहेर काढला आणि चेन ओढली.

"राहू दे. मी बघितलंय सगळं."

गाडी निघाली. एरवी प्रत्येक खड्ड्याला मुलाचा उद्धार करणाऱ्या सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तिचा हात त्यांच्या मांडीवर होता आणि त्या तिची बोटं एकेक करून दाबत होत्या. आता सांगून टाकावं, असं तिला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा आरशात नवऱ्याची नजर आडवी आली.

दवाखान्याच्या दारात त्यांना उतरवून तो गाडी लावायला गेला. टेबलाशी बसलेल्या सिस्टरने मान वर न करताच विचारलं, "आत कोण थांबणार?"

"माझे मिस्टर," ती घाईघाईने म्हणाली.

"मी थांबणार," सासूबाई म्हणाल्या. "तो पहिल्या कळेलाच भिंत धरेल."

"आई, नको. ऐका ना माझं. तुम्हाला त्रास होईल."

"माझं मी बघेन. तू बस त्या बाकावर."

ती बसली नाही. सासूबाईंनी बॅग खाली ठेवली, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि वाकून अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, शेजारी बाळं रडत नसतील अशी खोली द्या. आमचं रडणार नाहीये."