जिभेची डावी कड

मॅडमनी तपासणीचा कागद खाली ठेवला. खुर्चीत मागे रेललेल्या घड्याळजींचं तोंड अजून उघडंच होतं. मिटावं की नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दिव्याच्या वर्तुळात त्यांच्या जिभेची डावी कड दिसत होती. तिच्यावर नखाएवढा पांढरा डाग, मध्ये लालसर. मॅडमनी तो गॉझच्या पट्टीने दोनदा पुसून पाहिला होता. तो पुसला गेला नव्हता.

कागदावरचं अक्षर खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या मुलीचं होतं. दंतवैद्यकाची विद्यार्थिनी, सरावासाठी तिने घरी वडिलांचंच तोंड तपासून तो तक्ता भरला होता. दात अठ्ठावीस. हिरड्या निरोगी. जीभ सामान्य. खाली तिला शिकवणाऱ्या या मॅडमची सही आणि लाल शाईत एकच शब्द : ‘नीटनेटके’.

“मिटा तोंड, काका,” मॅडम म्हणाल्या. मग मुलीकडे वळून, “पाच महिन्यांपूर्वी तूच बघितलंस ना?”

“बघितलं की तिने,” घड्याळजी उठून बसत म्हणाले. “चांगली बॅटरी लावून बघितलं. मीच जीभ आत ओढून धरली होती. खोडच आहे मला तशी.”

मुलीची मान खाली गेली. जीभ गॉझमध्ये धरून बाहेर ओढावी, दोन्ही कडा वळवून पाहाव्यात, हे तिला तोंडपाठ होतं. त्या दिवशी गॉझ हातात घेतलाही होता. पण ज्या तोंडाने तिला आजवर हाका मारल्या, त्यातला तो ओला, आंधळा अवयव चिमटीत धरायला हात पुढे होईना. वडिलांनीही डोळे मिटून घेतले होते. “झालं,” ती म्हणाली होती, आणि दोघंही सुटल्यासारखी हसली होती.

“कधीपासून आहे हे? काही अंदाज?”

घड्याळजींनी खिशातून चिठ्ठ्यांचा जुडगा काढला. दुरुस्तीला आलेल्या घड्याळांना बांधतात तसल्या, दोरा ओवलेल्या. प्रत्येकीवर तारीख, टोकदार पेन्सिलीने रेखलेला एक लहानसा आकार, आणि शेजारी मिलिमीटर. डोळ्याला भिंग लावून, दुकानाच्या आरशात पाहून घेतलेलं माप. दर रविवारी एक.

मॅडम एकेक चिठ्ठी टेबलावर मांडत गेल्या. चौथीवर आकार नव्हता. तिथे लिहिलं होतं : ‘आज पोरीने पाहिलं. काही नाही म्हणाली.’

तारीख तक्त्यावरचीच होती. पाचवी चिठ्ठी त्यानंतर चार महिन्यांनी. तिच्यावरचा आकार दुप्पट.

“दोन-तीन आठवड्यांत न जाणारा डाग दाखवायचा असतो, काका. दुखत नसला तरी.”

“म्हणजे घड्याळवाल्यालाच उशीर झाला म्हणा.”

कोणी हसलं नाही.

“उशीर किती झाला, ते आज नाही सांगता येणार. डागाचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवू. आत्ताच काढू.” मॅडमनी आतल्या खोलीकडे पाहून नर्सला खूण केली.

“मॅडम,” मुलगी म्हणाली. तिची नजर अजून चौथ्या चिठ्ठीवर होती. “बाबांनी जीभ ओढून धरली नव्हती. मी ती धरलीच नाही. मला लाज वाटली.”

मॅडमनी तक्ता उचलला, आपल्याच सहीकडे क्षणभर पाहिलं, आणि तो पालथा ठेवला.

घड्याळजी चपला शोधत होते. मुलीने त्या पायाने पुढे सरकवल्या, मग वाकून हाताने जुळवल्या.

“बाबा, तुम्हाला दिसत होतं. मोजत होतात तुम्ही. केसाएवढी चूक कळते तुम्हाला घड्याळातली. मग माझ्या एका शब्दावर मोजायचं थांबवलंत कशाला?”

घड्याळजींनी चष्मा काढला. ओरखडा पडू नये म्हणून नेहमी ठेवत तसा, काचा वर करून, तिच्या तळहातावर ठेवला, आणि भिंतीला हात लावत नर्सच्या मागोमाग आत गेले.