पुंजाकाकाचा लाल कोंबडा

माहेरी सूर्यमाळला आलेली उज्ज्वला तीन दिवस गंमत पाहत होती. ऊन कललं की शेजारचा पुंजाकाका दारात हजर.

"सोमी, माझा लाल कोंबडा इकडं आलाय का?"

की आई नाचणी पाखडायचं सूप तसंच टाकून त्याच्यासोबत रानात शोधायला. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती, काकाचीही बायको वारली होती. दोघं तासाभराने परतत ते हात हलवत, पण हसत.

चौथ्या दिवशी उज्ज्वलाने विचारलंच, "आई, दिवाळीला जावई आले म्हणून काकाने दिलेला लाल कोंबडा आपण खाल्ला ना? मग हा कुठला?"

"तोच गं," अंबाड्यात अबोली खोचत सोमी म्हणाली. "काल करवंदीच्या जाळीत बघितला, आज ओहोळाकडं बघू."