सरकलेली खूण

"बंद कर तो दिवा! इंजिन समोर एवढं सांगतंय आणि तुझा जीव त्या रेघेत!"

गॅरेजमधला बाबांचा हा ओरडा लेकीने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती दोन वेण्या घालायची. बाबा डोळे मिटत, मान तिरकी करत आणि नुसत्या आवाजावर ठिणगीची वेळ जुळवत. इंजिनच्या पुलीवरची रेघ बघून ठिणगीची वेळ लावायचा टायमिंगचा दिवा त्यांच्या लेखी शिकाऊंचं खेळणं होता. आणि हल्ली तेच म्हणत, "दिवा लाव. रेघेवर आण, म्हणजे झालं."

रेघ तर दिव्यात तंतोतंत जुळत होती. तरी गॅरेजच्या जुन्या ट्रकचं ते आठ सिलिंडरांचं थोराड इंजिन धापा टाकी, तापे, सायलेन्सरमधून फटाके फोडी. प्लग नवे, वायरी नव्या, कार्बोरेटर न्हाऊमाखू घातलेला. दुखणं पोटात नि लेप पाठीला. गावभरच्या बंद गाड्या ज्या ट्रकने ओढून आणल्या, त्यालाच आता ढकलावं लागे. शेवटी बाबांनी तो मोडीत द्यायचं कबूल केलं. भंगारवाला टेम्पो घेऊन गॅरेजच्या फाटकाशी उभा होता.

"ताई, निरोप घेऊन झाला असेल तर नेतो."

"सकाळभर थांबा म्हटलं ना, भाऊ?"

"सकाळ संपत आली. बरं, पैज लावा. माझा हा भरलेला टेम्पो समोरच्या चढावर ओढून न्या. नेलात, तर मी रिकाम्या हाताने जातो."

बाबा स्टुलावर बसून होते. हो नाही की ना नाही.

लेक पुढच्या पुलीपाशी उकिडवी बसली. दिवा खोटं बोलत नाही, पण रेघेचं काय? तिने पहिला प्लग काढला आणि भोकातून लांब पेचकस पिस्टनवर टेकवला.

"रिकामे उभे आहात तर हा सैल हाताने धरा. वर चढायचा थांबला की सांगा."

"यमालाच नाडी धरायला लावता होय!" म्हणत भंगारवाल्याने पेचकस धरला.

ती पान्याने इंजिन हळूहळू फिरवू लागली. पेचकस वर आला, अजून आला.

"थांबला!"

पिस्टन माथ्यावर, आणि पुलीवरची रेघ जिथे यायला हवी त्या काट्यापासून दोन बोटं लांब. तिने कडेने नख फिरवलं. पुलीच्या दोन कड्यांमधलं रबर कुजलं होतं, आणि बाहेरचं कडं रेघ घेऊन सरकलं होतं. सगळे त्या रेघेला देव मानून बसले, नि ठिणगी बिचारी रोज वरातीमागून घोडं.

"कडं नवं आणूच. आज रेघ नवी," ती स्वतःशीच म्हणाली आणि खऱ्या जागी पांढरा रंग ओढला. प्लग परत बसवला, ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर सैल केला, स्टार्टर मारला, आणि दिव्यात बघत बघत तो केसाकेसाने फिरवला. धापा थांबल्या. फटाके थांबले. कार्बोरेटरचा स्क्रू जरा आत, किंचित बाहेर, आणि आठ बहिणींनी एकाच झोपाळ्यावर झोका घ्यावा तसे आठही सिलिंडर एका लयीत आले.

टेम्पोला दोरखंड बांधला. ट्रकने चढाला छाती लावली, ती दुसऱ्या गिअरमध्ये आणि कुरकुर न करता. मागे खिडकीतून अर्धा बाहेर लोंबत भंगारवाला ओरडत होता, "अहो हळू! हरलो म्हटलं ना, हरलो!" माथ्यावर पोचून तिने हॉर्न दाबला, तो सोडवेचना.

टेम्पो वरच सोडून ती ट्रक अंगणात घेऊन आली, तेव्हा बाबा उठून उभे होते. त्यांनी दोन्ही तळवे मडगार्डवर ठेवले, तापल्या अंगावर ठेवावेत तसे. ते हसत होते. तिने इंजिन चालूच ठेवलं. आता ते मान तिरकी करतील, काहीतरी खोट काढतील, मग ती भांडेल.

खिडकीतून वाकून तिने विचारलं, "बाबा, कसं वाजतंय?"

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"तूच सांग गं, बाळा," ते म्हणाले. "माणसांचं मी ओठांवरून ओळखतो. कान जाऊन बरेच दिवस झाले."